भोजपूरचं छत आणि फ्लॉरेन्सचा घुमट

आत्या भोपाळची. लग्न होऊन आली आणि इथलीच झाली. कॉलेजात इतिहास शिकवला, निवृत्त झाली. पण घरी पाहुणा आला की त्याला सांची नाहीतर भोजपूर दाखवल्याशिवाय जेवायला वाढत नाही. भाचा पुण्याचा, इमारतींच्या सांगाड्यांची गणितं करणारा इंजिनिअर, नुकताच इटली बघून आलेला. भोपाळपासून तीसेक किलोमीटरवर, बेतवेच्या काठी, भोजराजाच्या अपुऱ्या शिवमंदिरापुढे दोघांची जुंपली ती अशी.

भाचा : आत्या, शिवलिंग प्रचंड आहे, मान्य. सव्वादोन मीटरच्या वर उंच. खांब बारा-बारा मीटरचे. पण मान वर केली की घोडं अडतं. छत पुरं झालेलंच नाही! पुरातत्त्व खात्यानं मधलं भोक फायबरग्लासनं झाकलंय. परवाच मी फ्लॉरेन्सच्या घुमटाखाली उभा होतो, त्यामुळे हे फारच खुपतंय.

आत्या : वर नंतर बघ. आधी पायाखाली बघ. उभा आहेस त्या खडकावर रेघा आहेत. ऊन तिरपं झालं की नीट दिसतात.

भाचा : (वाकून) अगं, हे तर ड्रॉइंग आहे! अर्ध्या खांबाचा उभा छेद. मधली रेघ धरून थर मोजलेत. हे कुणी विद्यार्थ्यानं गंमत म्हणून कोरलेलं नाही, साइटवर कामाला घ्यायचं ड्रॉइंग आहे.

आत्या : हजार वर्षांपूर्वीचं. भोजाचं राज्य साधारण १०१० ते १०५५. 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. इथल्या खडकांवर खांब, कोनाडे, शिखरांचे भाग, मंदिरांचे नकाशे कोरलेत, आणि त्यातलं बरंचसं कधी बांधलंच गेलं नाही. अ‍ॅडम हार्डी नावाच्या अभ्यासकांनी ग्रंथ आणि ही रेखाटनं शेजारी ठेवून २०१५ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. आणि मागे तो मातीचा लांबलचक उतार दिसतो? त्यावरून दगड वर चढवायचे. काम संपलं की असा उतार काढून टाकतात. इथे तो राहिला.

भाचा : म्हणजे काम मध्येच थांबलं. कुणी लढाई म्हणतं, कुणी छताच्या वजनाचं गणित चुकलं म्हणतं. मला विचारशील तर कारण एकच : सगळं एका राजाच्या खांद्यावर होतं. खांदा गेला की संपलं. फ्लॉरेन्सला असं झालं नाही.

आत्या : सांग तर खरं.

भाचा : कॅथेड्रलचं काम १२९६ साली सुरू झालं. सव्वाशे वर्षं झाली तरी मधला अष्टकोन उघडाच. बेचाळीस मीटरच्या वर रुंद, तोही जमिनीपासून पन्नास मीटर उंचीवर. एवढ्या रुंदीला खालून लाकडाचा आधार द्यायचा कसा, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी रुंदी कमी केली नाही. पुढेमागे कुणीतरी करील, या भरवशावर भोक तसंच ठेवलं. १४१८ मध्ये स्पर्धा जाहीर केली. ब्रुनेलेस्की पुढे आला, मूळचा सोनार. १४२० ला सुरुवात, १४३६ ला घुमट मिटला. खालून आधार न देता! आत एक कवच, बाहेर एक कवच, मधून जिना. चाळीस लाखांच्या आसपास विटा. प्रत्येक थरात ठरावीक अंतरानं वीट उभी लावलेली, म्हणजे चुना ओला असतानाही आतली रांग घसरत नाही. आणि ओझं उचलायचं यंत्र तर असं, की बैल एकाच दिशेनं फिरत राहतो आणि दात्यांची जोडी बदलली की दोर वरचा खाली येतो. बैलाला जुंपायचं-सोडायचं नाही.

आत्या : तुझ्या तोंडून बैलाचं कौतुक ऐकलं, बरं वाटलं. आता त्या विटा रचणाऱ्यांचं सांग.

भाचा : त्यांच्यासाठी त्यानं वर घुमटावरच जेवणाची सोय केली होती, असं कलाकारांची चरित्रं लिहिणारा व्हासारी लिहितो. चढण्या-उतरण्यात दिवस जाऊ नये म्हणून.

आत्या : तोच व्हासारी हेही लिहितो की गवंड्यांनी जास्त मजुरी मागितल्यावर ब्रुनेलेस्कीनं बाहेरची माणसं आणली आणि जुन्यांना परत घेतलं ते कमी पैशावर. आता इकडे ये. हा दगड. त्यावर काय आहे?

भाचा : त्रिशूळ? आणि इथे चक्र.

आत्या : पाथरवटांच्या खुणा. चक्र, त्रिशूळ, स्वस्तिक, नागरी अक्षरं, कुठेकुठे सरळ नावं. या मंदिरावर अशा हजाराहून अधिक खुणा मोजल्यात. कुणी किती दगड घडवला त्याचा हिशेब, मजुरीसाठी. आपल्या कलाकारांनी नाव लावलं नाही, तिकडच्यांनी लावलं, असं सगळीकडे ऐकतोस ना? इथे छिन्नीवाल्याचीही खूण आहे. तिकडे एक नाव राहिलं आणि ते नाव भारी गुप्तता पाळणारं. अर्नो नदीतून संगमरवर आणण्यासाठी त्यानं एक जहाज योजलं आणि १४२१ साली सरकारकडून तीन वर्षांचा एकाधिकार लिहून घेतला. जगातल्या अगदी पहिल्या पेटंटांपैकी एक. जहाज संगमरवरासकट बुडालं ते वेगळं! घुमटाचे त्याच्या हातचे नकाशे मात्र आज कुणाकडे नाहीत. म्हणजे बघ, इथे नकाशे उघड्यावर आहेत पण वास्तू पुरी नाही. तिथे वास्तू पुरी आहे पण नकाशे नाहीत.

भाचा : दोन्हींतलं एक घ्यायचं तर मी वास्तू घेईन.

आत्या : तू घेशीलच. तुला छताखाली उभं राहायचं असतं. मला छत कसं सुचलं ते बघायचं असतं.

भाचा : सुचण्याचंच बोलू मग. याच ब्रुनेलेस्कीनं एका फळीवर कॅथेड्रलसमोरच्या बॅप्टिस्टरीचं चित्र काढलं आणि फळीला एक भोक पाडलं. मागच्या बाजूनं भोकाला डोळा लावायचा, पुढे आरसा धरायचा आणि चित्र आरशात बघायचं. आकाशाच्या जागी रंग नव्हता, घासून लखलखीत केलेली चांदी होती. त्यामुळे चित्रातल्या आभाळात खरे ढग सरकायचे. आरसा बाजूला केला की तिथेच खरी इमारत. चित्र कुठे संपलं, इमारत कुठे सुरू झाली, कळू नये! १४३५ मध्ये अल्बर्टी नावाच्या पंडितानं हे सगळं भूमितीत बसवून लिहून काढलं. आता तू सांग, त्याच काळात माळव्यात काय चाललं होतं?

आत्या : मांडूला होशंगशाह होता. १४३५ पर्यंत त्याचं राज्य. भोजपूरजवळचा भोजाचा अवाढव्य बांध त्यानंच फोडला, तलाव रिता व्हायला तीन वर्षं लागली, असं इथे सांगतात.

भाचा : बघ! ते घुमट बांधत होते, आपण बांध फोडत होतो.

आत्या : थांब, इतका खूश होऊ नकोस. त्याच मांडूत १४३९ साली कल्पसूत्राची एक जैन पोथी चितारली. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अशा पोथ्यांत चेहरा एका बाजूला वळलेला असतो आणि पलीकडचा डोळा गालाच्या बाहेर काढलेला असतो. त्या काळी पश्चिम भारतातल्या पोथ्यांत सोनं आणि लाजवर्दाचा निळा रंग सढळ हातानं वापरत. लाजवर्द यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. फ्लॉरेन्सचे चित्रकार मरियमच्या वस्त्राला तोच निळा लावत. खाण एक, गिऱ्हाइकं दोन.

भाचा : रंग एक असेल, पण गालाबाहेर डोळा? अल्बर्टीच्या हाती पडली असती पोथी तर?

आत्या : त्यानं नाक मुरडलं असतं. पण मांडूच्या चित्रकाराला माणूस कुठून कसा दिसतो हे दाखवायचंच नव्हतं. माणसाला दोन डोळे असतात, तर दोन्ही दाखवायचे. तुझा तो आरशाचा खेळ बघायला एक डोळा मिटावा लागतो, आणि फळीमागे एका ठरलेल्या जागी उभं राहावं लागतं. एकाच माणसाची एकच जागा खरी, बाकी साऱ्या खोट्या. हे जिंकणं आहे, तसं काहीतरी सोडणंही आहे. शिवाय ही नजरेची भूमिती तरी निव्वळ त्यांची कुठे? इब्न अल-हैथमनं दृष्टिशास्त्राचा ग्रंथ अरबीत लिहिला, तो भोजाचाच समकालीन. पुढे तो ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, मग इटालियनमध्ये. ब्रुनेलेस्कीचा प्रतिस्पर्धी गिबेर्ती, त्याच्या टिपणांत त्यातले उतारेच्या उतारे आहेत.

भाचा : उसनं घेतलं, पण वापरलं त्यांनी. मसाच्चोची भित्तिचित्रं बघ. फ्लॉरेन्सच्याच ब्रांकाच्ची चॅपेलमध्ये कर भरण्याचा प्रसंग आहे, १४२५ च्या सुमाराचा. डोंगर दूर जातात, माणसांच्या सावल्या जमिनीवर पडतात. वाटतं, आत चालत जावं.

आत्या : त्या चित्रात संत पीटर किती वेळा आहे?

भाचा : तीन वेळा. मध्ये येशूसमोर, डावीकडे माशाच्या तोंडातून नाणं काढताना, उजवीकडे कर वसूल करणाऱ्याच्या हातावर ते ठेवताना.

आत्या : एकाच चौकटीत एकच माणूस तीनदा. अल्बर्टीच्या भूमितीत हे कसं बसतं? आता सांचीला चल, भोपाळहून पाऊण-एक तासाचा रस्ता. हातच्या कांकणाला आरसा कशाला! पूर्वेच्या तोरणावर सिद्धार्थ घर सोडून निघालाय. तोच घोडा पुढे, पुन्हा पुढे, पुन्हा पुढे, आणि शेवटी रिकाम्या पाठीनं परत येणारा. स्वार कुठेच नाही, नुसती छत्री. मसाच्चोनं नवी जागा शोधली, पण गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा त्यालाही दगडावर कोरणाऱ्यांचीच युक्ती लागली.

भाचा : सांचीचं कोरीव काम अर्धवट नाही, हे मात्र लक्षात घे.

आत्या : नाही. आणि का नाही, तेही तिथेच कोरलंय. दक्षिणेच्या तोरणावर लेख आहे, हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत घडवणाऱ्यांनी केलं म्हणून. कठड्यांवर, फरसबंदीवर शेकडो दात्यांची नावं : शेठ, विणकर, भिक्षू, भिक्षुणी, गावंच्या गावं. कुणी एक खांब दिला, कुणी एक फरशी.

भाचा : आत्या, माझा मुद्दा तूच सिद्ध केलास! फ्लॉरेन्सचं कॅथेड्रल कुणाच्या ताब्यात होतं ठाऊक आहे? लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या संघाच्या. १३३१ पासून. त्यांची बांधकाम समिती, त्यांच्या वह्या, त्यांचे ठराव. शिल्पी मेला तर दुसरा नेमला, सरकार बदललं तरी वही पुढच्या पानावर. ब्रुनेलेस्कीही १४४६ मध्ये गेला. घुमटाच्या माथ्यावरचा मनोरा त्याच्यामागे पुरा झाला, १४७१ मध्ये वर तांब्याचा गोळा चढला. तो शिल्पकार व्हेरोक्कियोच्या कारखान्यातला, आणि त्या कारखान्यात तेव्हा लिओनार्दो नावाचा पोरगा शिकत होता. म्हणजे फ्लॉरेन्सचं नातं सांचीशी आहे, भोजपूरशी नाही. पूर्व-पश्चिम हा प्रश्नच नाही. काम एकाचं की पेठेचं, हा प्रश्न.

आत्या : हे बोललास ते पटलं. सांची माळव्याच्याच मातीतली. म्हणजे जे फ्लॉरेन्सला जमलं ते आपल्याला ठाऊकच नव्हतं असं नाही, मधल्या हजार-बाराशे वर्षांत ते हातून सुटलं. पण पेठेला इतक्या लवकर देव करू नकोस. गवंड्यांच्या संघाची वर्गणी भरली नाही म्हणून त्याच संघानं १४३४ मध्ये ब्रुनेलेस्कीला तुरुंगात टाकलं होतं. घुमट मिटायला दोन वर्षं उरली असताना!

भाचा : आणि सुटून आल्यावर काम पुढे चाललं, बघ! २५ मार्च १४३६ ला पोप चौथा यूजीन स्वतः अभिषेकाला आला. त्याच्या गायकवृंदातल्या द्यूफायनं त्या दिवसासाठी चार आवाजांची रचना बांधली. खालचे दोन आवाज चर्चमधली एकच जुनी धून धरतात, पण एकाच्या मागून दुसरा, वेगवेगळ्या स्वरावरून. रचनेच्या चार भागांच्या लांबीचं प्रमाण ६ : ४ : २ : ३. कुणी म्हणालं हे घुमटाचंच माप आहे, कुणी म्हणालं बायबलमधल्या सॉलोमनच्या मंदिराचं. ते काही असो, कागदावर आहे म्हणून आजही ती रचना गाता येते. आपल्याकडे त्या काळचं काय गाता येतं?

आत्या : ग्वाल्हेर इथून काही फार लांब नाही. मानसिंह तोमराच्या दरबारात ध्रुपदाला बहर आला, १४८६ ते १५१६. लिओनार्दोचाच काळ. आणि याच भोपाळमध्ये १९८१ पासून ध्रुपद केंद्रात उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर शिकवत होते. समोर बसवून, एकेक स्वर लावून घेत. त्यांचेच थोरले भाऊ झिया मोहिउद्दीन डागर पनवेलजवळ पळस्प्याच्या गुरुकुलात रुद्रवीणा शिकवत, हे तुला पुण्याचा म्हणून सांगते. कागद नाही, तरी गाणं आहे.

भाचा : गाणं आहे, पण मानसिंहाच्या दरबारात १५०० साली नेमकं काय ऐकू आलं, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगेल का?

आत्या : नाही सांगणार. आणि द्यूफायच्या गायकांनी कोणता स्वर किती ताणला, श्वास कुठे घेतला, हे तुझा कागद सांगेल का? कागदावर सांगाडा टिकतो आणि गळ्यात चाल टिकते. दोन्ही हवं, म्हणून तर भातखंडे गावोगाव फिरून बंदिशी लिहून घेत होते. पण गाणं कागदावर उतरलं की ते विकताही येतं. व्हेनिसच्या पेत्रुच्चीनं स्वरलिपी छापण्याचा वीस वर्षांचा एकाधिकार मिळवला, मे १४९८ मध्ये. त्याच मे महिन्यात आणखी काय झालं?

भाचा : वास्को द गामा कालिकतला आला.

आत्या : २० तारखेला. आता तुझा घुमट समुद्रात कसा उतरतो ते बघू.

भाचा : ते मीच सांगतो, कारण मला त्याचंच वेड लागलंय. घुमटाच्या माथ्यावर एक भोक मुद्दाम ठेवलंय. तोस्कानेल्ली नावाचा वैद्य आणि गणिती होता, ब्रुनेलेस्कीचा मित्र. १४७५ मध्ये त्यानं वर छिद्र पाडलेला पत्रा बसवला. जूनमध्ये सूर्याचा कवडसा नव्वद मीटर खाली फरशीवर येतो आणि त्यावरून अयनाचा क्षण मोजता येतो. आख्खं कॅथेड्रल सूर्याचं यंत्र! आणि याच माणसानं १४७४ मध्ये लिस्बनला पत्र धाडलं होतं, पश्चिमेकडे गेलात तर आशिया गाठाल म्हणून. त्याची नक्कल कोलंबसच्या हाती लागली. आशियाचं अंतर तोस्कानेल्लीनं फार कमी धरलं होतं, म्हणून तर कोलंबस निघाला. चित्र, घुमट, गाणं, नकाशा, सगळी एका गावातली, एकमेकांना नावानं हाक मारणारी माणसं. भोजाच्या दरबारातही पंडित होते, पण खडकावर रेघ ओढणारा आणि दर्यावर जाणारा एका बाकावर बसले होते का?

आत्या : बसले असतील-नसतील. पण तुझ्या बाकावर आणखी एकाला जागा कर. निकोलो द कोंती, व्हेनिसचा व्यापारी. वर्षानुवर्षं पूर्वेकडे फिरला, खंबायत बघितलं, विजयनगर बघितलं. वाटेत त्यानं धर्म बदलला होता. परतल्यावर याच यूजीन पोपनं त्याला प्रायश्चित्त सांगितलं म्हणतात, की तुझा प्रवास खराखरा सांग. पोपचा चिटणीस पोज्जो, त्यानं तो लिहून घेतला. म्हणजे जग त्यांनी नुसतं शोधलं नाही, विचारून घेतलं. वास्कोलाही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मलिंदीहून पुढे नेणारा वाटाड्या होता. गुजरातचा, असं पोर्तुगीज बखरकार बारुश म्हणतो.

भाचा : विचारलं, लिहिलं, वापरलं. यात वाईट काय?

आत्या : विचारण्यात काही नाही. १५०२ मध्ये वास्को पुन्हा आला तेव्हा मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज त्यानं माणसांसकट जाळलं. १५१० मध्ये गोवा गेलं.

भाचा : पण ते पोर्तुगालच्या राजाचं काम, आत्या. माझ्याच मुद्द्यावर ये ना : राजा तिथे तलवार, पेठ तिथे घुमट.

आत्या : आणि राजाला पैसा कुणाचा? १५०० साली पोर्तुगीज कप्तान काब्रालचा तांडा हिंदुस्थानकडे निघाला, त्यातल्या एका जहाजात बार्तोलोमेओ मार्किओन्नीचा पैसा होता. लिस्बनमध्ये राहणारा फ्लॉरेन्सचा व्यापारी. आफ्रिकेतून माणसं आणून विकणं हाही त्याचा धंदा. तुझी पेठ ती हीच. जिच्यात काम पुरं करण्याची शिस्त आहे, ठराव आहेत, वह्या आहेत. त्या शिस्तीला काय पुरं करायचं याचं काही पडलेलं नसतं.

भाचा : (बराच वेळानं) वह्यांचं म्हणशील तर लिओनार्दोचा मित्र पाचोली. त्यानं १४९४ मध्ये व्हेनिसला गणिताचा ग्रंथ छापला, त्यात व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत लिहून दिली. प्रत्येक व्यवहार दोनदा मांडायचा, एकदा जमेला, एकदा नावे. आजही आमच्या कंपनीचा ताळेबंद त्यावरच चालतो. मी हेही प्रबोधनाच्या मोठेपणात धरत होतो.

आत्या : धर ना. फक्त त्याची पद्धत त्याच्याच काळाला लाव. जमेला घुमट, आरशातलं आभाळ, द्यूफायचे चार आवाज. नावे मार्किओन्नीची माणसं आणि ते जळालेलं जहाज. आपण शाळेत जमेच्या पानाची गोष्ट एका धड्यात शिकवतो आणि नावेच्या पानाची दुसऱ्याच धड्यात, 'युरोपीयांचे आगमन' म्हणून. दोन्हींची तारीख एकच आहे, हे पोरांना कळतच नाही.

भाचा : मग भोजपूरची वहीही तशीच लिहायची. जमेला खडकावरच्या रेघा, पाथरवटांच्या खुणा. नावे हे छत. आणि छत का राहिलं हे विचारलं की 'आपला दृष्टिकोनच वेगळा होता' असं म्हणून पान उलटायचं नाही. मांडूच्या डोळ्याला दृष्टिकोन वेगळा असेल. उघड्या छताला नसतो.

आत्या : लिही. मी इतकी वर्षं मुलांना इथे आणून फक्त जमेचीच बाजू दाखवली असं तुला वाटत असेल, तर पुढच्या बॅचला तू ये आणि नावेची दाखव. पण एका अटीवर : सांची आधी, भोजपूर नंतर, आणि इटलीचे फोटो सगळ्यांत शेवटी.

भाचा : अट मान्य. फोटो मात्र मधे दाखवीन. सांची आणि भोजपूरच्या मधेच त्यांचा अर्थ लागतो.